प्रश्न तुमचे : खांबावरची अक्कल आणि तिची भाषा

वीज-जाळ्यातील निर्णय आता केवळ भार प्रेषण केंद्रात होत नाहीत, ते उपकेंद्रात, खांबावर आणि घराच्या छतावर बसवलेल्या यंत्रांतही होऊ लागले आहेत, असे मागील अंकातील एका उत्तरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच मुद्द्याकडे आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या या यंत्रांना एकमेकांचे बोलणे समजते कसे, आणि समजले नाही तर काय होते? इंटरऑपरेबिलिटी या शब्दासाठी ‘आंतरकार्यक्षमता’ हा प्रतिशब्द वापरात आहे. या सदरापुरता मी ‘परस्परमेळ’ म्हणणार आहे, कारण तो एका दमात उच्चारता येतो.

प्रश्न : मी उच्चदाब उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून सेवा करून निवृत्त झालो. आमच्या काळी कंट्रोल रूमच्या खाली केबलचा खंदकच असे आणि प्रत्येक तारेला नंबर असे. अलीकडे एक नवे उपकेंद्र पाहिले, तर तिथे चार-दोन ऑप्टिकल केबल आणि सगळे ‘गूज’वर चालते असे सांगण्यात आले. रिले (दोष ओळखणारी संरक्षण यंत्रे) तीन निरनिराळ्या कंपन्यांचे होते. त्या केबलमधून नेमके काय जाते? आणि ती तुटली तर कळणार कसे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या काळातील तांब्याच्या तारेला स्वतःचा अर्थ नव्हता, तो ड्रॉइंगवर लिहिलेला असे. अमुक टर्मिनलवर डीसी आले की ब्रेकरची, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचची, ट्रिप कॉइल ओढली जाणार, हे ज्याच्या हाती ड्रॉइंग त्यालाच ठाऊक. आयईसी ६१८५० या आंतरराष्ट्रीय मानकाने, ज्याची पहिली आवृत्ती २००३ ते २००५ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली, हा अर्थ ड्रॉइंगवरून उचलून संदेशातच ठेवला. उपकेंद्रातील प्रत्येक कामाला त्यात ठरलेले नाव आहे. ब्रेकर म्हणजे ‘एक्ससीबीआर’, ओव्हरकरंट संरक्षण म्हणजे ‘पीटीओसी’, प्रवाह-दाबाची मोजमापे म्हणजे ‘एमएमएक्सयू’. ब्रेकरची स्थिती सांगण्यासाठी ‘पॉस’ हे एकच नाव असून त्याच्या किमती चारच आहेत : ० म्हणजे मधल्या अवस्थेत, १ म्हणजे उघडा (प्रवाह तुटलेला), २ म्हणजे बंद (प्रवाह चालू) आणि ३ म्हणजे संकेतच सदोष. ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु एका कंपनीच्या यंत्रात १ म्हणजे ‘बंद’ आणि दुसरीच्या यंत्रात १ म्हणजे ‘उघडा’ असा प्रकार ज्यांनी चाचणीच्या वेळी अनुभवला आहे, त्यांना या चार आकड्यांचे मोल कळेल.

‘गूज’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे, आणि मराठी माणसाची त्याने फसगत होते. आपले गूज कानात सांगायचे असते, हे मात्र चावडीवर दवंडी पिटल्यासारखे आहे. दोष ओळखणारा रिले आपला संदेश कोणा एकाला न पाठवता उपकेंद्राच्या नेटवर्कवर सर्वांसाठी सोडतो आणि ज्यांना तो ऐकण्याचे काम नेमून दिलेले आहे ते ऐकतात. सर्वांत तातडीच्या ट्रिप संदेशासाठी मानकात तीन मिलिसेकंदांची मर्यादा आहे. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे असते, यावरून अंदाज यावा. पोचपावती मागत बसायला इथे वेळ नसतो, म्हणून संदेश पुनःपुन्हा पाठवला जातो. स्थिती बदलताच लगेच, मग काही मिलिसेकंदांनी, मग त्याहून जास्त अंतराने, असे करत तो एका संथ लयीवर येतो आणि काहीही घडत नसले तरी त्या लयीत अखंड चालू राहतो. ‘हा संदेश इतका वेळच ग्राह्य धरावा’ अशी मुदतही प्रत्येक संदेशात असते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मुदतीत आहे. केबल तुटली तर पुढचा संदेश वेळेत येत नाही आणि ऐकणारा रिले तत्काळ अलार्म देतो. तांब्याची तार टर्मिनलमधून निसटली, तर तशी देखरेख मुद्दाम बसवलेली नसल्यास, ती निसटल्याचे पुष्कळदा प्रत्यक्ष दोषाच्या दिवशीच कळत असे.

तरीही मानक आहे म्हणजे मेळ आहे, असे समजू नये. काही वर्षांपूर्वी एका उपकेंद्राच्या चाचणीत मी उपस्थित होतो. दोन कंपन्यांचे रिले, दोन्ही मानकाप्रमाणे प्रमाणित. आदल्या दिवशी पाठवणाऱ्या रिलेच्या संदेशात एक संकेत वाढवण्यात आला होता. त्या बदलाबरोबर सॉफ्टवेअरने रचनेचा आवृत्ती-क्रमांक आपोआप एकने वाढवला. ऐकणाऱ्या रिलेत मात्र जुनीच फाइल राहिली. क्रमांक जुळेना म्हणून ऐकणाऱ्याने संदेश मुकाट्याने टाकून दिले, आणि त्याने तसे करणे मानकाला धरूनच होते. स्विचवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, एका यंत्राला दुसरे ‘दिसत’ होते, फक्त ब्रेकर पडत नव्हता. संदेश येत नसल्याचा अलार्म त्या रिलेत होता, पण तो कोणत्याही पॅनेलवर काढलेला नव्हता. शोधायला अख्खी दुपार गेली. ती चूक ना या कंपनीची होती ना त्या कंपनीची. दोन कंपन्यांच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये फाइल नेणाऱ्या माणसाची होती, म्हणजे आमची.

याच मानकात संपूर्ण उपकेंद्राचे वर्णन एका एक्सएमएल फाइलमध्ये करण्याची सोय आहे, आणि आपल्या ड्रॉइंगची जागा खरे तर त्या फाइलने घेतली आहे. मात्र मानकातील पुष्कळ बाबी ऐच्छिक आहेत. एक कंपनी त्या पुरवते, दुसरी पुरवत नाही आणि दोघींचे प्रमाणपत्र खरेच असते. प्रमाणपत्र यंत्राची गाठ मानकाशी घालून देते, यंत्राची गाठ यंत्राशी घालून देत नाही. म्हणूनच या मानकाच्या वापरकर्त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना कंपन्यांना एका सभागृहात बोलावून एकमेकांची यंत्रे प्रत्यक्ष जोडायला लावते. २०११ मध्ये पॅरिसला, २०१३ मध्ये म्युनिकला आणि २०१५ मध्ये ब्रसेल्सला अशी संमेलने झाली. प्रमाणपत्रांच्या जाड फायलीपेक्षा अशा संमेलनात सापडलेल्या दोषांची यादी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवले आहेत. इन्व्हर्टर स्वतःच दाब आणि वारंवारता पाहून चालतो वा थांबतो, असे ठेकेदार सांगतो. यंत्र इतके शहाणे असेल तर त्याने बाहेरच्या कोणाशी बोलण्याची गरजच काय? (एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, पुणे)

उत्तर : एकटे यंत्र शहाणे असणे आणि लाखो यंत्रे मिळून शहाणपणाने वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा धडा जर्मनीने बरीच किंमत मोजून घेतला.

जाळ्यात वीज गरजेपेक्षा जास्त झाली की वारंवारता पन्नास हर्ट्झच्या वर जाते. तिथल्या जुन्या नियमानुसार घरगुती सौर संचांनी ५०.२ हर्ट्झला जाळ्यापासून तत्काळ तुटावे, असे ठरले होते. सौर वीज नगण्य होती तोवर नियम योग्यच होता. लहान संचांनी अडचणीच्या वेळी बाजूला व्हावे, इतकाच त्याचा हेतू. पण २०१२ च्या अखेरीस जर्मनीतील सौर क्षमता ३० हजार मेगावॉटच्या पुढे गेली होती, आणि अचानक आलेली तूट सावरण्यासाठी खंडीय युरोपच्या साऱ्या जोडलेल्या जाळ्यात तत्काळ राखीव होती ती ३ हजार मेगावॉटची. भर उन्हाच्या दुपारी वारंवारता ५०.२ ला टेकली असती, तर प्रत्येक इन्व्हर्टर स्वतंत्रपणे, नियमाप्रमाणे आणि अचूक वागला असता, आणि नेमक्या त्या अचूकपणामुळेच राखीव क्षमतेच्या कितीतरी पट वीज एका क्षणात नाहीशी झाली असती. ही धास्ती कागदी नव्हती. ४ नोव्हेंबर २००६ रोजी युरोपचे जाळे तीन तुकड्यांत फुटले, तेव्हा त्यातील ईशान्येच्या तुकड्यात वारंवारता ५०.२ च्या बरीच वर गेली होती.

शेवटी २०१२ मध्ये वटहुकूम काढून सुमारे ३ लाख १५ हजार संचांची मांडणी बदलावी लागली. इन्व्हर्टरशी बोलण्याची समाईक सोय नव्हती. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, काहींना नवे सॉफ्टवेअर चालत नव्हते, काही कंपन्याच बंद पडल्या होत्या. तंत्रज्ञ दारोदार गेले आणि काम काही वर्षे चालले. नव्या संचांसाठी नियम असा झाला की ५०.२ च्या पुढे एकदम तुटायचे नाही, तर दर हर्ट्झला चाळीस टक्के या प्रमाणात उत्पादन उतरवत न्यायचे, म्हणजे ५०.७ हर्ट्झला वीस टक्के कमी. जिन्यावरून उडी मारण्याऐवजी उतरत्या वाटेने जाण्यासारखेच ते झाले.

आता याच्या शेजारी हवाईतील ओआहू बेटाचे उदाहरण ठेवा. तिथेही दाब-वारंवारतेच्या मर्यादा रुंद करायच्या होत्या, म्हणजे किरकोळ हेलकाव्याला इन्व्हर्टरने पळ काढू नये. २०१५ च्या सुरुवातीला एनफेज या कंपनीने तेथील आपल्या सुमारे ८ लाख सूक्ष्म इन्व्हर्टरची मांडणी दुरून, एकाही घराची बेल न वाजवता बदलली. या कामगिरीचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मला मात्र त्यातली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते : ते जमले कारण बहुतेक छतांवर एकाच कंपनीचा माल होता आणि किल्ली त्या कंपनीच्या खिशात होती. दहा कंपन्यांचे इन्व्हर्टर असते, तर वीज कंपनीला दहा दारे ठोठवावी लागली असती.

अमेरिकेतील आयईईई १५४७ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीने याच जागी बोट ठेवले. छोट्या निर्मिती संचाने हेलकावे सोसून जाळ्याला धरून राहावे आणि दाब सावरण्यास मदत करावी, ही अट तर त्यात आहेच; शिवाय सनस्पेक मॉडबस, डीएनपी३ किंवा आयईईई २०३०.५ या तीनपैकी निदान एका भाषेत बोलणारे दार प्रत्येक संचाला असलेच पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत ५०.५ हर्ट्झला ०.२ सेकंदांच्या आत तुटण्याची अट होती आणि २०१९ मध्ये त्या विनियमांत दुरुस्ती झाली. सौर छतांची संख्या वाढत जाईल तसे इन्व्हर्टरच्या आतील असे आकडे अधिकाधिक महत्त्वाचे होत जातील. आपल्या सोसायटीने ठेकेदाराकडून इतके लेखी घ्यावे : इन्व्हर्टर कंपनीच्या ॲपखेरीज कोणत्या खुल्या भाषेत बोलतो, त्यातील मर्यादा बदलण्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, आणि कंपनी बंद पडल्यास तो कोणाकडे जाईल.

प्रश्न : आता ऑप्टिकल फायबर आणि क्लाउड आहेत, तर सगळी माहिती मध्यवर्ती केंद्राकडे नेऊन तिथेच निर्णय का घेऊ नयेत? आणि ‘ओपनएफएमबी’ हे जुन्या मानकांना बाद करणार आहे का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : नाही, बाद करणार नाही. ओपनएफएमबी ही शेजारच्या यंत्रांना समाईक शब्दांत थेट बोलू देणारी मांडणी आहे, पण ते कशासाठी जन्मले हे सांगतो म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळेल. एका फीडरवर, म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, खांबावर रिक्लोजर (दोष आल्यास वाहिनी तोडून पुन्हा जोडून पाहणारा स्विच) आहे आणि शंभर मीटरवर बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, असे समजा. जुन्या रचनेत रिक्लोजर नियंत्रण केंद्राशी डीएनपी३ मध्ये बोलतो, बॅटरी आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलते, आणि रिक्लोजर उघडल्याची बातमी शेजारच्या बॅटरीला कळण्यासाठी आधी शेकडो किलोमीटर दूर जाऊन परत यावी लागते. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोघांनी एकमेकांची खुशाली मुंबईच्या पाहुण्यांना फोन करून विचारावी, त्यातला हा प्रकार. सूर्यावर ढग आला आणि दाब घसरला तर तेवढा उशीर अनेकदा चालून जातो. वादळात मुख्य वाहिनी तुटून फीडर एकटा पडला आणि त्याच झाडाखाली फायबरही गेली, तर चालत नाही. आणि बॅटरी नेमकी त्याच वेळी हवी असते.

अमेरिकेत ड्यूक एनर्जीने २०१४ च्या सुमारास काही उत्पादकांना एकत्र आणून उत्तर कॅरोलिनातील माउंट हॉली येथे लघुजाळ्याचे चाचणी केंद्र उभे केले आणि ओपनएफएमबीची कल्पना तिथे तपासली. २०१६ मध्ये नेस्बी या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. तिचे मर्म असे. जुनी यंत्रे मोडीत काढायची नाहीत. खांबावर किंवा उपकेंद्रात एक लहान संगणक ठेवायचा, जो एका बाजूने यंत्राची मूळ बोली ऐकतो आणि दुसऱ्या बाजूने तीच माहिती समाईक शब्दांत आसपासच्या सर्वांसाठी प्रसृत करतो. ते समाईक शब्दही नव्याने शोधलेले नाहीत. ते ६१८५० आणि ‘सिम’ या वीज-व्यवस्थेच्या सामायिक माहिती-आराखड्यातून घेतले आहेत.

दुभाष्याची गरज किती खरी आहे, हे मॉडबसवरून लक्षात येईल. १९७९ ची ही भाषा आजही असंख्य इन्व्हर्टर आणि मीटर बोलतात. ती केवळ रजिस्टरमधील संख्या देते. उत्तर आले ५२३०. हे ५२३० वॉट, की ५२३ वॉट, की ५२.३ किलोवॉट? त्या संख्येत ते लिहिलेले नसते. कंपनीच्या पुस्तिकेतील तक्ता पाहावा लागतो आणि पुढच्या मॉडेलमध्ये तो तक्ता बदललेला असतो. सनस्पेकने याला साधी शिस्त लावली. सहसा ४०००० या रजिस्टरपाशी ‘एस, यू, एन, एस’ ही चार अक्षरे सापडली की पुढचा तक्ता ठरलेल्या क्रमाने आहे असे समजायचे, आणि दशांश चिन्ह कुठे द्यायचे हे सांगणारे वेगळे रजिस्टर वाचून मगच संख्येवर विश्वास ठेवायचा. शोध म्हणावा असे त्यात काही नाही, पण यामुळे वाचलेले मनुष्यतास मोजू जाल तर थकाल.

आता आपण विद्यार्थिनी आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती या विषयावरील लेखांत फारशी येत नाही. शब्द समाईक झाले तरी अधिकाराचा प्रश्न उरतोच. फीडरवरील व्होल्टेज रेग्युलेटर दाब वर नेतो. इन्व्हर्टर तो जास्त झाला म्हणून खाली खेचतो. रेग्युलेटर पुन्हा वर नेतो. दोघांचे एकमेकांशी बोलणे उत्तम आणि दोघांचे गणित बरोबर, तरी रेग्युलेटरचा टॅप (दाबाची पायरी बदलणारा भाग) दिवसभर वर-खाली होत राहतो आणि त्याचे संपर्कबिंदू झिजतात. आधी कोणी हलायचे, किती सेकंद थांबायचे, संपर्क तुटला तर कोणत्या स्थितीत बसायचे, हे संदेशाच्या भाषेत नसते. ते त्या जाळ्याच्या अभियंत्याने बसून ठरवायचे असते. आपल्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर नवी भाषा रचण्यापेक्षा या भांडणाचा अभ्यास घ्या. मध्यवर्ती केंद्रालाही यात जागा आहे : निर्णय खाली होतील, पण त्यांच्या मर्यादा वरून आखून दिलेल्या असतील.

प्रश्न : सगळी यंत्रे एकच खुली भाषा बोलू लागली, तर ती घुसखोरालाही कळेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कळेल, आणि कळलेली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये युक्रेनमधील कीव्ह येथील पारेषण उपकेंद्रावर झालेल्या हल्ल्यातील ‘इंडस्ट्रॉयर’ या घातक सॉफ्टवेअरमध्ये आयईसी १०१, १०४ आणि ६१८५० या मानक भाषा बोलणारे तयार भाग होते. परंतु भाषा गुप्त ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. त्याच देशात एक वर्ष आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले तेव्हा हल्लेखोरांनी ऑपरेटरचा संगणकच ताब्यात घेऊन त्याच्याच माउसने ब्रेकर उघडले होते. त्यासाठी यंत्रांची बोली यावी लागली नाही.

खरा उपाय म्हणजे बोलणारा कोण आहे याची खातरजमा. त्यासाठी आयईसी ६२३५१ ही मानकांची मालिका आहे. यातही एक गंमत आहे. पहिल्या आवृत्तीत गूज संदेशांसाठी अंकीय स्वाक्षरी सुचवली होती. ती तपासण्यातच तीन मिलिसेकंदांची मर्यादा धोक्यात येऊ लागली, म्हणून पुढे गटाला वाटलेल्या समाईक गुप्त किल्लीवर आधारित, हलकी पद्धत आली. त्यामुळे प्रश्न किल्ल्या वाटणे, बदलणे आणि जपणे यांवर येऊन ठेपला. उपकेंद्रातील कुलपांच्या किल्ल्यांची नोंदवही जिथे नीट ठेवली जात नाही, तिथे या किल्ल्यांचे काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

प्रश्न : आमच्याकडे स्मार्ट मीटर बसवला. उद्या ठेकेदार बदलला तर मीटरही बदलावा लागेल का? (एक गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : मीटरच्या भाषेपुरते पाहिले तर बदलण्याचे कारण नाही. भारतीय मानक १६४४४ आणि १५९५९ यांनुसार स्मार्ट मीटर ‘डीएलएमएस’ या आंतरराष्ट्रीय भाषेत बोलतात. आपण जाळ्यातून घेतलेल्या एकूण युनिटचा त्यातील सांकेतिक क्रमांक १.०.१.८.०.२५५ असा असतो. पहिला १ म्हणजे वीज, मधला १ म्हणजे घेतलेली शक्ती, ८ म्हणजे तिची आजवरची बेरीज, त्यापुढचे ० म्हणजे सर्व दरपट्ट्या मिळून. मीटर कोणाही कंपनीचा असो, हा क्रमांक विचारला की हेच उत्तर मिळायला हवे.

अडचण दोन ठिकाणी येऊ शकते. मीटरचे बोलणे ज्या मार्गाने जाते तो मार्ग मोबाइल सिमचा असेल तर फारसे बिघडत नाही. पण शेजारपाजारच्या मीटरांनी एकमेकांमार्फत संदेश पुढे नेण्याचे रेडिओ जाळे असेल, तर दोन कंपन्यांची जाळी सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तेव्हा निदान संपर्काचा भाग बदलावा लागतो. तो भाग काढता-घालता येण्याजोगा असेल तर मीटर वाचतो. दुसरी अडचण त्या मीटरच्या गुप्त किल्ल्यांची. जुन्या ठेकेदाराने त्या वीज कंपनीच्या हवाली केल्या नाहीत, तर भाषा येत असूनही नवा ठेकेदार मीटरशी बोलू शकणार नाही. आपल्या हातात मीटर आहे. त्या किल्ल्या कोणाच्या नावावर आहेत, हे मात्र वीज कंपनी आणि ठेकेदार यांच्या करारात पाहावे लागेल.